क्रॅनवेलचा फाटा

स्लीफर्ड स्टेशनात उतरून वायव्येला निघालं की लिंकनशरचं माळरान लागतं. सपाट, उघडं, वाऱ्याला आडकाठी नसलेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला वैमानिक शिकवायला अशीच जमीन हवी होती. 1916च्या एप्रिलमध्ये इथं, क्रॅनवेलला, त्यांची शाळा सुरू झाली.

पण शेतांच्या मधोमध अख्खं गाव वसवायचं, तर लाकूड, सिमेंट, कोळसा आणायचा कसा? म्हणून स्लीफर्डहून काही मैलांचा एकेरी रूळमार्ग टाकला गेला. पुढं कुठंही न जाणारा, या हवाई तळापाशीच संपणारा फाटा. विमानविद्येची ही शाळा आगगाडीच्या जिवावर उभी राहिली.

1918मध्ये रॉयल एअर फोर्स स्थापन झालं आणि 5 फेब्रुवारी 1920ला इथं त्याचं अधिकारी महाविद्यालय उघडलं. हवाई दलाचे अधिकारी घडवणारं जगातलं हे पहिलंच. आज रस्त्यावरून दिसणारी घुमटाची भव्य वास्तू 1933ची. तोवर कॅडेट नौदलाच्या जुन्या बराकींतच राहत. जेट इंजिनाचे जनक फ्रँक व्हिटल याच बराकींच्या काळातले. विमानांच्या भवितव्यावरचा आपला प्रबंध त्यांनी इथंच लिहिला.

मला इथं ओढून आणलं ते 1930 सालानं. त्या वर्षी सुब्रतो मुखर्जी आणि त्यांचे भारतीय सहकारी इथं दाखल झाले. विमानोड्डाणाचं आगा खान पारितोषिक जिंकणारे आस्पी इंजिनियरही पुढं इथंच शिकले. 8 ऑक्टोबर 1932ला भारतीय हवाई दल स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले पाच वैमानिक क्रॅनवेलचे होते. मुखर्जी 1954मध्ये हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. त्यांच्यानंतर ती धुरा इंजिनियर यांनी वाहिली.

ट्रक आणि मोटारींच्या जमान्यात फाट्याचं काम सरलं. 1956मध्ये तो बंद झाला, रूळ उखडले गेले. फाट्याच्या क्रॅनवेल स्टेशनाची इमारत मात्र वाचली, कारण तळाला ती उपयोगी पडली: आज ती गार्डरूम आहे. पूर्वी जिथं गाडी थांबे, तिथं आता येणाऱ्याजाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासतात.

घुमटाचा फोटो सगळेच काढतात. भारतातून येणाऱ्यानं स्टेशनाच्या या साध्या इमारतीलाही मान द्यावा. आपल्या हवाई दलाचे पहिले अधिकारी ज्या शाळेत घडले, तिचा पाया रचणारं सामान याच फाट्यानं वाहून आणलं.