खोडदच्या माळावर

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें चाकण, खेड, मंचर मागें टाकीत नारायणगांवास उतरलें, कीं तमाट्यांच्या आणि द्राक्षांच्या त्या गांवापासून खोडद फार दूर नाहीं. विज्ञानदिनीं, २८ फेब्रुवारीस, तेथील रेडिओ-दुर्बीण पाहण्यास मी निघालों तो माझ्या पुतण्यासाठीं. गेल्या श्रावणांत माझे वडील बंधु वारले, तेव्हांपासून बी. एस्‌सी.च्या वर्गांतील या मुलानें पुस्तक म्हणून उघडलें नव्हतें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्याबरोबर तो येईल, घेऊन जा." त्याचे तीन सोबतीही आले.

एस. टी.त विषय निघाला तो विश्वाच्या अखेरीचा. चौघेही पदार्थविज्ञान शिकणारे, परंतु मतें चार! एक म्हणाला, विश्व फुग्याप्रमाणें फुगत आहे, तेव्हां तें एक दिवस फुटणारच. (उपमा समजण्यासाठीं द्यावी, तर मुलें उपमाच पाठ करतात!) दुसऱ्यास वाटे कीं सारें पुन्हां एका बिंदूंत कोसळून नवी सृष्टि उपजेल; कल्पान्ताची कथा त्यानें आजीपाशीं ऐकलेली होती. तिसरा सूर्यावर अडून बसला : सुमारें ५०० कोटी वर्षांनीं तो फुगून पृथ्वीस गिळील, आणि झाला शेवट! आपलें घर पडलें म्हणजे गांव बुडालें, असें मानण्यासारखेंच हें. पुतण्या खिडकीबाहेर पाहत होता. "सगळें गार होऊन विझणार आहे, काका," तो म्हणाला. "एकही तारा उरणार नाहीं." आजच्या शास्त्रमताला त्याचेंच उत्तर सर्वांत जवळचें होतें, पण ज्या स्वरांत तें आलें, त्यावर मला कांहीं बोलवेना.

खोडदला शिरतांना मोबाइल बंद करावे लागतात, कारण त्यांच्या गोंगाटांत आकाशाचा क्षीण आवाज बुडतो. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेंतून ही दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागीं जवळजवळ, बाकीच्या १६ तीन दिशांना सुमारें २५ किलोमीटरांच्या विस्तारांत पसरलेल्या. त्या तारेच्या जाळीच्या असल्यामुळें त्यांतून पलीकडचें आभाळ दिसतें.

माहिती सांगणारा संशोधक पंचविशींतला असेल. तो म्हणाला, हायड्रोजन वायूची लहर मुळांत २१ सेंटिमीटर लांबीची असते. २०२३ सालीं जाहीर झालेल्या एका शोधांत याच तबकड्यांनीं एका दूरच्या दीर्घिकेंतून आलेली ती लहर पकडली, तेव्हां ती ४८ सेंटिमीटर भरली. तिला निघून ८८० कोटी वर्षें झालीं होतीं. (ब्रह्मदेवाचा अहोरात्र ८६४ कोटी वर्षांचा, हें मला तेथेंच आठवलें.) वाटेंत अवकाशच ताणलें गेलें आणि त्याबरोबर तीही. येथें रबर नाहीं, तेव्हां फुटण्याचा प्रश्नच नाहीं, हें पहिल्या मुलानें आपण होऊन कबूल केलें.

"मग हें ताणणें थांबणार केव्हां?" दुसऱ्यानें विचारलें. थांबण्याचें चिन्ह नाहीं, उत्तर आलें. स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांवरून १९९८ सालीं दोन संशोधकगटांना आढळलें कीं विस्ताराचा वेग वाढतच आहे. त्याबद्दल २०११ चें नोबेल पारितोषिक तिघांस मिळालें. विस्तारास रेटणारी कृष्ण ऊर्जा अशीच राहिली, तर दूरच्या दीर्घिका दृष्टीआड जातील आणि कोटीच्या कोटीपट वर्षांनीं तारे विझतील. "पण हा 'जर' मोठा आहे," तो म्हणाला. अॅरिझोनांतील दुर्बिणीनें केलेलीं दीर्घिकांचीं मापनें २०२४ आणि २०२५ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांवरून ही ऊर्जा क्षीण होत असावी, अशी शंका आली आहे. पुरावा मात्र पुरा नाहीं.

"म्हणजे ठरलेलें नाहीं?" हा प्रश्न पुतण्याचा होता.

"नाहीं. मोजणें चाललें आहे."

"पण इतक्या लांबची लहर ऐकूं आली कशी?" वाटेंतील दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें ती भिंगाप्रमाणें सुमारें तीसपट वाढविली, असें कळल्यावर त्यानें आणखी तीन प्रश्न विचारले. मला त्यांतला एकही समजला नाहीं.

परतीच्या गाडींत तो पुढच्या बांकाच्या पाठीवर वीत टाकून कांहीं मापीत होता. वीतभर निघालेली लहर हातभर होऊन आली, असें तो सोबत्यांस दाखवीत होता. मंचरला चहासाठीं गाडी थांबली. सारे उतरले, तो उतरला नाहीं.

"काका," त्यानें विचारलें, "तुमच्यापाशीं पेन आहे का?"