शिकायला शहरात गेलात, तर जेवाल कुठे?

आमच्या सावलीकडे धानाची शेती, त्यामुळे दोन्ही वेळ भात. शिकायला नागपूरला गेलो, तेव्हा पुस्तकांआधी खायची जागा शोधावी लागली. तुमची मुलंही बाहेरगावी असतील, म्हणून सांगतो.

सकाळी ठेल्यावरचा तर्री-पोहा माझ्या आवडीचा झाला. पोह्यात लोह, चण्याच्या तर्रीत प्रथिनं. वर पिळलेल्या लिंबातलं क जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करतं. फक्त तर्रीवरचं तेल कमी घ्या. झणझणीत सावजी रस्सा एखाद्या रविवारी ठीक. रोजच्यासाठी मात्र मी गरम वरण-भात-भाजी वाढणारी साधी खानावळ धरली. तिथला भात घरच्यासारखा लागायचा.

चवीआधी तीन गोष्टी बघा : अन्न वाफाळतं आहे का, पिण्याचं पाणी कुठलं, ताटं कशी धुतात. टायफॉइड आणि ‘हिपॅटायटिस ए’ची कावीळ दूषित अन्नपाण्यातून पसरते. ताप तीन दिवसांत उतरला नाही किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. घरापासून लांब आजारी पडलं, की पाणी द्यायलाही कुणी नसतं.

आज मुलाला फोन कराल, तेव्हा ‘जेवलास का?’ याबरोबर ‘कुठे जेवलास?’ हेही विचारा.