जिवाणूचें अनुपान

१९६८ सालीं आमच्या अक्कास क्षयानें गांठलें, तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. रोज सकाळीं कंपाउंडर येई, कांचेच्या कुपींतील पांढरी पूड पाण्यांत विरघळवी आणि स्ट्रेप्टोमायसिनची सुई टोंची. जोडीला गोळ्याहि असत. अक्का वांचली, मात्र त्या सुईच्या औषधानें तिची श्रवणशक्ति कायमची मंदावली. ती पूड येते तरी कोठून, हें कोडें तेव्हांपासून माझ्या मनांत होतें. तें गेल्या दिवाळींत अक्काच्याच नातीनें सोडविलें. ती पुण्यास सूक्ष्मजीवशास्त्र शिकते.

"आजोबा, तें औषध माणूस करीत नाहीं, जिवाणू करतो," ती म्हणाली. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस हें त्याचें नांव. बुरशीसारखे तंतू पसरून तो मातींत राहतो. पहिल्या पावसांत दरवळणारा मृद्गंध ही त्याच्याच कुळाची देणगी. १९४३ सालीं अमेरिकेंतील रटगर्स येथें वाक्समन यांच्या प्रयोगशाळेंत अल्बर्ट शाट्झ यांनीं त्यापासून हें औषध मिळविलें.

कारखान्यांत त्यास मोठमोठ्या टाक्यांतून खाद्यद्रवांत वाढवितात, आणि खरी मौज आहे ती या आहारांत. ग्लुकोज मुबलक दिलें तर तो भराभर फोफावतो, पण औषध करण्याचें लांबणीवर टाकतो. फॉस्फेटवांचून त्याची वाढ नाहीं. पण तें प्रमाणाबाहेर गेलें कीं तंतू माजतात आणि औषध आटतें. सोयाबीनचें पीठ सावकाश पचतें, त्यांतील नत्र थोडथोडें सुटतें; तें त्यास मानवतें. आपल्या वैद्यकांत रोग्यास औषधाबरोबर अनुपान देतात. येथें औषध घडविणाऱ्यासच अनुपान! त्याच्या एका भाऊबंदाची तर आणखीच नवलाई. तो क्लोरटेट्रासायक्लीन बनवितो. पण द्रवांत ब्रोमाइडचा क्षार मिसळला कीं क्लोरीन जोडण्याचें काम अडतें आणि टेट्रासायक्लीन हें निराळें औषध अधिक हातीं येतें.

छत्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या मनुष्यास येथें लाडावलेल्या मुलांची आठवण होणारच. मीं तसें बोलून दाखवितांच पोर म्हणाली, "नुसतें उपाशी ठेवलें तर जिवाणूहि नाहीं नि औषधहि नाहीं." मीं बोधकथा गिळली.

अक्कास यांतलें कांहींच ऐकूं गेलें नव्हतें. मीं वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलें, 'तुझें औषध करणाऱ्या जिवाणूस फार खाऊं घालून चालत नाहीं.' तिनें चष्मा लावून तें दोनदां वाचलें आणि मोठ्यानें विचारलें, "मग आईनें मला सहा महिने दूध, तूप नि खारका कां रे कोंबल्या?"