सावित्रीच्या खोऱ्यातील सायकलवाटा

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे दोन तालुके सावित्री नदीच्या खोऱ्यात वसले आहेत. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरपाशी सपाटीला येते, महाडच्या परिसरात काळ आणि गांधारी या नद्या तिला मिळतात, आणि दासगावच्या पुढे खाडी होऊन ती बाणकोटजवळ अरबी समुद्राला जाऊन मिळते. उगमापासून मुखापर्यंतचे अंतर सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर भरते. एवढ्या छोट्या पट्ट्यात समुद्रसपाटी आहे आणि १३५० मीटरच्या आसपासचा घाटमाथाही आहे. सायकलस्वाराला खाडीकाठचा सपाट रस्ता, भातशेतीतून जाणारी वाट आणि दिवसभराचा घाट हे तिन्ही एकाच गावात मुक्काम ठेवून करता येतात, असे मुलूख कोकणातही फार नाहीत.

येथील आतल्या रस्त्यांवर वाहने कमी असण्याचे कारण भूगोलात आहे. मुंबई–गोवा महामार्ग, म्हणजे पूर्वीचा १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, दोन्ही तालुक्यांची बहुतेक सगळी अवजड वाहतूक उचलतो. सह्याद्री ओलांडून देशावर जाणारे गाडीरस्ते दोनच: वरंधा घाटातून भोरकडे आणि आंबेनळी घाटातून महाबळेश्वरकडे. बाकीच्या खोऱ्यांतले रस्ते कड्याच्या पायथ्याशी, शेवटच्या वाडीपाशी संपतात. तिथून वर जाणाऱ्या मढे घाट, ढवळे घाट, पारघाट या वाटा बैलांच्या आणि माणसांच्या. महाड हे बंदर होते तेव्हा गलबतांतून उतरलेला माल अशाच वाटांनी घाटावर चढत असे. मोटारी आल्यावर या वाटा मागे पडल्या. जो रस्ता पुढे कुठेच जात नाही त्यावर एसटी, दुधाची गाडी, शाळेतली मुले आणि शेतावर निघालेली माणसे एवढीच वर्दळ राहते. महामार्गावर शक्य तितके कमी चालायचे आणि एकेक खोरे धरून आत शिरायचे, ही इथली पद्धत. या भागात वर्षानुवर्षे सायकल चालवताना प्रस्तुत लेखकाला ती कामी आली आहे.

पहिले खोरे गांधारीचे. महाडहून नाते, कोंझर आणि पाचाड असा सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता रायगडाच्या पायथ्याशी जातो. नात्यापर्यंत नदीकाठची सपाटी आणि दोन्ही बाजूंना भातखाचरे आहेत. कोंझर सोडले की चढ लागतो. रस्ता डोंगराच्या कुशीत वळतो आणि एका वळणावर रायगडाचा माथा दिसतो. गडाकडे मोटारीने येणाऱ्याला हे दृश्य क्षणभर मिळते. सायकलवर तो माथा अर्धा-पाऊण तास डोळ्यांसमोर राहून हळूहळू वाढत जातो, आणि गडाची उंची म्हणजे काय हे मांड्यांना आणि फुप्फुसांना कळू लागते. पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक पाहून त्यांनी १७ जूनला याच गावात देह ठेवला. इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे लेखकाचे मत आहे. पाचाडहून आल्या वाटेने परत न फिरता निजामपूरमार्गे माणगावकडे उतरता येते. त्या रस्त्याला चढउतार भरपूर असले तरी महाडकडच्या बाजूपेक्षा तो अधिक शांत आहे.

याच खोऱ्याच्या तोंडाशी, महाडच्या उत्तरेला, महामार्गाच्या कडेला गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. सायकल खाली लावून पायऱ्या चढल्या की सावित्री आणि गांधारी यांच्या संगमाचा सगळा परिसर दिसतो. दिवसभरात कुठे जायचे आहे याचा नकाशाच तिथे मांडलेला असतो.

दुसरे खोरे काळ नदीचे. याची सुरुवात मात्र अवघड. बिरवाडीच्या आसपास महाडची औद्योगिक वसाहत आहे. रसायनांचे टँकर आणि पाळी बदलण्याच्या वेळच्या बसगाड्या रस्ता व्यापून टाकतात. हा टप्पा सूर्य वर येण्याआधी पार करावा. बिरवाडी मागे पडली की वातावरण पालटते. एक वाट वाळणकडे जाते. तिथे नदीच्या पात्रात वाळणकोंड नावाचा खोल डोह आहे. त्यातले मासे देवीचे मानले जातात, ते कोणी धरत नाही, आणि म्हणून ते निर्धास्तपणे काठाशी येतात. सह्याद्रीतल्या बहुतेक नद्यांतून मोठे मासे दिसेनासे होत असताना गावाच्या श्रद्धेने राखलेला हा डोह पाहून मन भरून येते.

दुसरी वाट शिवथरघळीची. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना जिथे केली ती हीच घळ, असे धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० च्या सुमारास शोधून मांडले, आणि तेव्हापासून इथे माणसांचा राबता सुरू झाला. तिन्ही बाजूंनी डोंगर अंगावर आलेले, पायथ्याशी नदी, आणि पावसानंतर बरेच दिवस टिकणारा धबधबा. शनिवार-रविवारी गाड्या येतात. मंगळवार-बुधवारी सकाळी रस्त्यावर फक्त गुरे भेटतात.

वरंधा घाटही याच बाजूचा. भोरला जाणारा हा रस्ता अरुंद असून त्यावर वळणे फार आहेत. अवजड वाहने तुलनेने कमी असल्यामुळे चढाईला तो आंबेनळीपेक्षा निवांत वाटतो. माथ्यावर वाघजाईचे देऊळ आणि भज्यांच्या टपऱ्या आहेत. तिथे बसून गरम कांदाभजी खाताना चढून आलेली सगळी वळणे खाली दिसतात. माथ्यापलीकडे नीरा देवघर धरणाच्या पाण्याला धरून भोरपर्यंत उतरता येते. महाडला परतायचे असेल तर मात्र उतरताना ब्रेक अखंड दाबून ठेवू नयेत. वळणाआधी वेग कमी करून वळणात ब्रेक सोडावेत, नाहीतर रिम तापते. लागोपाठच्या आंधळ्या वळणांवर घंटी वाजवण्यात कसूर करू नये.

महाड ते पोलादपूर या सुमारे २० किलोमीटरसाठी महामार्ग टाळणे कठीण जाते. रस्ता आता चौपदरी काँक्रीटचा आहे. डावी कड धरून, पहाटे, हा टप्पा तासाभरात उरकावा. वाटेत सावित्रीवरचा पूल लागतो. इथला जुना ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एसटीच्या गाड्यांसह माणसे वाहून गेली. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला. खाली पाणी संथ दिसत असले तरी त्या रात्रीची आठवण महाडकरांच्या बोलण्यात अजून येते.

पोलादपूर हे लहानसे गाव सायकलस्वारासाठी मात्र मोठे ठाणे आहे. शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे. गावातून उमरठकडे जाणारा रस्ता लेखकाच्या मते दोन्ही तालुक्यांतला सर्वांत सुंदर. उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. १६७० मध्ये कोंढाण्यावर ते पडल्यानंतर त्यांचा देह मढे घाटाने उतरवून इथे आणला, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी गावात आहे. पुढे ढवळे गावापर्यंत रस्ता जातो आणि चंद्रगडाच्या पायथ्याशी थांबतो. समोर महाबळेश्वरचा कडा भिंतीसारखा उभा असतो. छोटे साकव, मोऱ्या, आंबा-फणसाची सावली, मध्येच एखादी वाडी. सायकल दिसली की ओट्यावरून विचारणा होते: "दादा, कुठून आलात? पाणी घेता का?" बहुतेक घरांतली तरणी मुले मुंबईला आणि घरात म्हातारी माणसे, त्यामुळे पाण्याच्या तांब्याबरोबर दहा मिनिटांच्या गप्पाही आल्याच. त्या दहा मिनिटांचा हिशेब प्रवासाच्या वेळात आधीच धरावा.

पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट हा इथला खरा मोठा चढ. सुमारे ४० किलोमीटरमध्ये १३०० मीटरच्या आसपास उंची मिळवायची असते. म्हणजे सरासरी चढ तीन-साडेतीन टक्के. आकडा सौम्य आहे, पण चढ संपता संपत नाही. मध्ये कुंभरोशीच्या वाडा गावी प्रतापगडाचा फाटा लागतो. जावळीच्या या अरण्यात अफजलखानाचे सैन्य का अडकले, हे पुस्तकापेक्षा सायकलवरून लवकर उमगते. झाडी इतकी दाट आहे की पुढच्या वळणापलीकडचे काही दिसत नाही. पर्यटकांच्या गाड्या शुक्रवार दुपार ते रविवार रात्र या काळात सतत धावतात. घाट करायचा तो आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे पोलादपूर सोडून.

आणि मग कशेडी. पोलादपूर आणि खेड यांच्यामधला हा घाट अनेक दशके ट्रक आणि खासगी बसगाड्यांच्या धुराने भरलेला असे. कोणी शहाणा माणूस इथे सायकल आणत नसे. डोंगराच्या पोटातून जुळे बोगदे खणले गेले, त्यांतला एक २०२३ च्या गणेशोत्सवात पहिल्यांदा वापरात आला, आणि हळूहळू वाहतूक बोगद्यांकडे वळली. चोळई, धामणदेवी, भोगाव या गावांवरून वळत जाणारा जुना रस्ता आता पुष्कळ मोकळा झाला आहे. भोगावजवळ रस्ता पावसाळ्यात खचत असे; तिथे आजही जपून जावे लागते. पण महामार्गासाठी आखलेला सौम्य चढ, रुंद वळणे आणि गाड्या तुरळक, असा घाट सायकलला दुसरीकडे सहसा मिळत नाही. या रस्त्याची देखभाल बोगद्यांमुळे थांबू नये, तो खेड आणि पोलादपूर यांच्यामधला सायकलींचा आणि गावकऱ्यांचा रस्ता म्हणून राखला जावा, अशी मनापासून इच्छा आहे. कशेडीला पर्याय म्हणून वापरला जाणारा विन्हेरे–नातूनगर रस्ताही चांगला आहे, मात्र त्यावरचे चढ आखूड आणि तीव्र आहेत.

समुद्राकडची बाजू दासगावपासून सुरू होते. आज महामार्गावरून झपकन मागे पडणारे हे गाव खाडीतले बंदर होते. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 'पद्मावती' बोटीने इथेच उतरले आणि कार्यकर्ते महाडपर्यंत चालत गेले. बसमालकांनी नेण्यास नकार दिला तरी अडू नये म्हणून हा जलमार्ग निवडला होता. दासगाव ते महाड हे अंतर सायकलने कापताना त्या पायी चाललेल्या माणसांची आठवण ठेवावी, आणि महाडात पोचल्यावर चवदार तळ्यापाशी थांबावे. दासगावच्या पुढे टोळ फाट्यावरून आंबेतकडे वळले की महामार्गाचा आवाज सुटतो. आंबेतला पूल ओलांडला की म्हाप्रळ, आणि रत्नागिरी जिल्हा सुरू. न ओलांडता म्हसळ्याकडे गेले की हरिहरेश्वर आणि श्रीवर्धनचा किनारा. बागमांडल्याहून फेरीबोटीत सायकल चढवून पलीकडे वेश्वीला उतरता येते, आणि तिथून बाणकोटचा किल्ला जवळच. खाडीकाठचा रस्ता सपाट असेल हा समज मात्र खरा नाही. प्रत्येक ओढ्यापाशी तो उतरतो आणि प्रत्येक सड्यावर चढतो. तापलेल्या जांभ्याच्या कातळावर सावलीही नसते.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून खोऱ्यात वारा पडतो आणि सकाळी दहानंतर चढ करणे अंगावर येते. पावसाळ्यात घाटांत जाऊच नये. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर बुडाले, तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली आणि पोलादपूर तालुक्यातही वाड्या गाडल्या गेल्या. हिरवा डोंगर पाहायला मोह होतो, पण सुटलेली दरड कोणासाठी थांबत नाही. २० मार्चला चवदार तळ्यावर आणि ६ जूनला रायगडावर प्रचंड जनसमुदाय लोटतो. त्या दिवशी त्या रस्त्यांवर सायकलसफरीला जाऊ नये. चालत येणाऱ्यांना वाट द्यावी. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमान्यांमुळे महामार्ग दिवसरात्र भरलेला असतो.

कोकण रेल्वे महाड शहरातून जात नाही. मुंबईहून येणाऱ्याला वीर स्थानक सोयीचे. रोहा–वीर हा टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला. सायकल सामान म्हणून नोंदवावी लागते, त्यासाठी गाडीच्या वेळेच्या बरेच आधी स्थानकावर पोचावे. करंजाडी आणि विन्हेरे ही स्थानके आतल्या रस्त्यांच्या जवळ आहेत, पण तिथे थोड्याच गाड्या थांबतात. गिअरच्या सायकलीची ट्यूब किंवा तार पोलादपूरच्या पुढे मिळेल या भरवशावर राहू नये; दोन ट्यूब, पंप आणि साखळीचा जोड जवळ असावा. ढवळे, शिवथर आणि वाळण या तिन्ही बाजूंना शेवटची एसटी संध्याकाळी लवकर परतते, तेव्हा तिची वेळ सकाळी जातानाच फाट्यावर विचारून ठेवावी.