शिल्डनचं इंजिन आणि मनमाडचा फायरमन

बहरीनमध्ये रेल्वे नाही. पर्शियाच्या आखातातलं हे बेट एवढंसं आहे की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मोटारीनं तासाभरात जाता येतं, त्यामुळे तिची आठवणही फारशी कुणाला होत नाही. इथल्या मराठी घरांतली पोरं विमानाचं शेपूट पाहून कंपनी ओळखतात; आगगाडी मात्र त्यांच्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेल्यावर भेटणारी वस्तू.

अडचण झाली ती अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील. मनमाड-दौंड मार्गावर आधी फायरमन, मग ड्रायव्हर. उमेदीची सगळी वर्षं वाफेवर आणि उरलेली, त्यांच्याच भाषेत, 'डिझेलच्या डब्यात'. थंडीच्या दिवसांत ते माझ्याकडे मनामाला येऊन राहतात आणि पहिल्या रात्रीपासून कुरकुरतात. "इथं रात्रीची शिटी नाही, शंटिंगचा आवाज नाही. झोप लागते कशी गं तुम्हाला?" एकदा त्यांना सौदीकडे जाणारा किंग फहद कॉजवे दाखवायला नेलं. 1986 मध्ये खुला झालेला, समुद्रावरून जाणारा पंचवीस किलोमीटरचा रस्ता. मला वाटलं, थक्क होतील. म्हणाले, "एवढा खर्च केला आणि रूळ टाकले नाहीत?" शेजारीच रेल्वेसाठी दुसरा पूल बांधायची योजना आहे, आखाती देश एका लोहमार्गानं जोडायचे आहेत, असं मी सांगितलं. "योजना काय, आमच्या मनमाडलापण पुष्कळ होत्या," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

बेटाच्या मधोमध जबल दुखान नावाची टेकडी आहे. तिच्या पायथ्याशी 1932 साली आखाताच्या अरबी किनाऱ्यावरचं पहिलं तेल लागलं. ती पहिली विहीर जपून ठेवली आहे. कुंपण, पाइप, झडपा, एक पाटी आणि भोवती वाळवंट. येणाऱ्या पाहुण्याला आम्ही तिथं नेतोच, कारण आमची सगळ्यांची पोटं तिच्यावर चालतात. अण्णा त्या झडपांकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे डिझेलचं मूळ झालं. आमच्या वाफेचं कुठंय?"

त्याचं उत्तर द्यायला 2025 हे साल फार सोयीचं होतं. 27 सप्टेंबर 1825 रोजी ईशान्य इंग्लंडात स्टॉक्टन अँड डार्लिंग्टन रेल्वे सुरू झाली, त्याला दोनशे वर्षं होत होती. 26 ते 28 सप्टेंबर असे तीन दिवस त्या पहिल्या इंजिनाची चालती प्रतिकृती मूळ मार्गाच्या काही भागावरून धावणार होती. अण्णांच्या व्हिसासाठी कागदांचा ढीग जमवला आणि आम्ही निघालो.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत अण्णांना खिडकीजवळ बसवलं. गाडी ताशी दोनशे किलोमीटरपर्यंत जाते. बाहेर हिरवी कुरणं, मेंढ्या, विटांची घरं. अण्णांचं लक्ष सिग्नलांवर आणि वरच्या तारांवर. यॉर्कच्या स्टेशनचं वळणदार, उंच छप्पर आलं तेव्हा मात्र ते उठून उभे राहिले. डार्लिंग्टनला उतरल्यावर पहिली गोष्ट केली ती फलाटाच्या कडेला जाऊन खाली बघण्याची. "रूळ फार जवळजवळ आहेत गं." बरोबर होतं त्यांचं. आपल्याकडे गव्हर्नर जनरल डलहौसीच्या निर्णयानं साडेपाच फुटी रुंद मार्ग आला. इथला चार फूट साडेआठ इंच. खरं तर ही रेल्वे बांधणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सननं इथं चार फूट आठ इंचच धरले होते. खाणींतल्या घोड्यांच्या गाड्यांसाठी रूळ असायचे, त्यांचं ते माप. वरचा अर्धा इंच नंतर, चाकांना थोडी मोकळीक हवी म्हणून वाढला. आज जगातल्या निम्म्याहून अधिक लोहमार्गांना तेच माप आहे.

ते पहिलं इंजिन जिथून गाडी घेऊन निघालं त्या शिल्डनला डार्लिंग्टनहून जाणारी छोटी डिझेल गाडी आपल्याकडच्या पॅसेंजरसारखी दर दहा मिनिटांनी थांबते. वाटेत हाइंग्टन नावाचं अगदी किरकोळ स्टेशन लागतं. न्यूकॅसलच्या कारखान्यात तयार झालेलं 'लोकोमोशन' इंजिन घोड्यांच्या गाड्यांवर लादून रस्त्यानं इथवर आणलं आणि इथंच प्रथम रुळांवर ठेवलं. तीनच वर्षांनी, 1828 च्या जुलैत, याच ठिकाणी त्याच इंजिनाचा बॉयलर फुटला आणि जॉन क्री हा ड्रायव्हर गेला. हे सांगितल्यावर अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून धरला असणार. वाफ वाया जाऊ नये म्हणून करायची माणसं तसं." त्या काळचे ड्रायव्हर तसं करत, हे खरं आहे. क्रीचं नाव मोठ्या अक्षरांत कुठं दिसलं नाही. स्टीफन्सनचं मात्र जागोजाग आहे.

शिल्डन हे देखणं गाव नाही, आणि ते तसं असल्याचा आवही आणत नाही. चढाचे रस्ते, एकाला एक चिकटलेली कामगारांची घरं, बंद झालेली दुकानं. इथं रेल्वेच्या वाघिणी बांधण्याचा प्रचंड कारखाना होता. तो 1984 मध्ये बंद झाला आणि गावाचा कणाच गेला. परळ-लालबागच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. वीस वर्षांनी, 2004 मध्ये, त्याच गावात 'लोकोमोशन' हे संग्रहालय उघडलं आणि 2024 मध्ये त्याला आणखी एक भलंमोठं दालन जोडलं. छपराखाली ठेवलेल्या ऐतिहासिक रेल्वे वाहनांचा युरोपातला सर्वांत मोठा संग्रह आता इथं आहे, आणि प्रवेशाला तिकीट नाही.

मूळ इंजिनावरून शिल्डन आणि डार्लिंग्टन या दोन गावांत चांगलीच जुंपली होती. ते वर्षानुवर्षं डार्लिंग्टनला होतं. 2021 मध्ये शिल्डनला हलवलं तेव्हा डार्लिंग्टनकर खवळले. शेवटी आलटून पालटून वाटून घ्यायचं ठरलं. दोन गावं एका जुन्या लोखंडासाठी भांडतात, हे मला तरी फार निरोगी लक्षण वाटलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही रुळांच्या कुंपणाशी जागा धरली. घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री, बापाच्या खांद्यावर बसलेली पोरं. अण्णांनी मफलर कानांवरून घट्ट बांधला. मग आधी धूर दिसला आणि नंतर आवाज आला. भस्स, भस्स असा नाही. लोखंडाच्या जोडांचा खडखडाट जास्त, वाफ कमी. आडवा पिंपासारखा बॉयलर, त्यात वरून रोवलेले दोन उभे सिलिंडर, डोक्यावर वरखाली होणारे दांडे, आणि बॉयलरच्या बाजूला फळीवर उघड्यावर उभा असलेला ड्रायव्हर. ना कॅब, ना छप्पर. मूळ इंजिनाचं वजन जेमतेम साडेसहा टन. चाकं साखळीऐवजी दांड्यांनी एकमेकांना जोडायची युक्ती मात्र याच इंजिनानं रूढ केली, आणि ते दांडे अण्णांच्या डब्ल्यूजी इंजिनापर्यंत तसेच चालत आले.

"एवढंसं?" अण्णा म्हणाले. "माझ्या डब्ल्यूजीचं टेंडर याच्या कितीतरी पट जड." पण डोळे चाकांवरून हटत नव्हते. इंजिन समोरून गेलं तेव्हा त्यांनी ड्रायव्हरला नाही, शेजारी कोळसा टाकणाऱ्याला हात केला.

ही प्रतिकृतीही आता पन्नाशीची आहे. 1975 च्या दीडशेव्या वर्षासाठी ती बांधली होती. त्या वर्षी शिल्डनमध्ये जुन्या इंजिनांची मोठी मिरवणूक निघाली होती. आमच्या शेजारी उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ तेव्हा वाघिणींच्या कारखान्यात होते. त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली आणि मी दुभाषी झाले. त्यांचे ईशान्येकडचे हेल मला निम्मेच कळत होते; अण्णांना, का कोण जाणे, जास्त कळत होते.

त्यांनी सांगितलेली 1825 ची हकीकत पुस्तकांतही आहे, पण कुंपणाशी उभं राहून ऐकताना तिला रंग येतो. कोळशाच्या वाघिणी आधी दोन टेकड्यांवरून दोरांनी आणि घोड्यांनी आणल्या आणि शिल्डनला इंजिनामागे जोडल्या. जॉर्ज स्टीफन्सन स्वतः चालवत होता. फुकट बसायला मिळतंय म्हटल्यावर लोक कोळशावर चढून बसले. थोडं जातात तोच सर्वेक्षक आणि इंजिनिअर बसलेल्या वाघिणीचं चाक गेलं. ती तिथंच सोडून दिली. मग इंजिनच बिघडलं, पस्तीस मिनिटं खोळंबा. साडेआठ मैल जायला दोन तास.

अण्णांना हसू आवरेना. "म्हणजे जगातली पहिली गाडीच लेट! आणि आम्हाला चार मिनिटांसाठी मेमो."

डार्लिंग्टनजवळ सहा वाघिणी कोळसा गरिबांना वाटला, बँडसाठी दोन वाघिणी जोडल्या आणि साडेपाचशे माणसं घेऊन ती वरात स्टॉक्टनला पोचली. जिच्या पैशांवर हे सगळं उभं राहिलं त्या क्वेकर पंथाच्या मंडळीतला मुख्य माणूस, एडवर्ड पीझ, त्या दिवशी तिथं नव्हता. त्याचा मुलगा आदल्या रात्री वारला होता.

'जगातली पहिली रेल्वे' या बिरुदाबद्दल मात्र माझं मत जरा आखडतं आहे. वाफेचं इंजिन रुळांवर वेल्समध्ये 1804 सालीच चाललं होतं. आणि या रेल्वेवरही पुढची काही वर्षं माणसांची ने-आण घोड्यांच्याच डब्यातून होई, इंजिनं कोळशासाठी. ही मुळात खाणीतला कोळसा बंदरावर स्वस्तात न्यायची सोय होती. बहरीनची विहीर बघताना जसं पुढचं शहर, उंच इमारती, आमच्यासारखी परमुलखातून आलेली माणसं त्या झडपांत दिसत नाहीत, तसंच इथं. कोळसा हलवायला निघाले आणि जगच हलवून बसले.

संग्रहालयात टिमथी हॅकवर्थचं 'साँ पारेय' हे 1829 चं अस्सल इंजिन आहे. त्याच वर्षीच्या रेनहिलच्या शर्यतीत ते स्टीफन्सनांच्या 'रॉकेट'पुढे हरलं. हॅकवर्थ शिल्डनचा, त्यामुळे इथल्या स्वयंसेवकांना त्या पराभवाचं दुःख अजून ताजं आहे. एक बाई आम्हाला पंधरा मिनिटं समजावत होत्या की सिलिंडर नीट ओतला गेला असता तर इतिहास वेगळा झाला असता. पानिपतावर बोलणारा आपला माणूस याहून वेगळं काय बोलतो?

दालनांतून फिरताना मला राहून राहून आपला 16 एप्रिल आठवत होता. बोरीबंदर ते ठाणे, 1853. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीतून आली होती आणि त्या कारखान्याशी सुरुवातीला जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन याचाच संबंध होता. ही गाडी चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले हा त्याच्याच तालमीतला. म्हणजे शिल्डनची वाफ अठ्ठावीस वर्षांत ठाण्याला पोचली. पण त्या तीन इंजिनांपैकी एकही आज पाहायला मिळत नाही. पुढं बोरघाटातून लोहमार्ग नेण्याच्या कामात पटकीनं, अपघातांनी हजारो मजूर मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्या आल्या 1859 मध्ये वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिनं ते कंत्राट पुढं नेलं. ही केवढी गोष्ट आहे! खंडाळ्याला चिक्की घेणाऱ्या कुणाला तरी ती ठाऊक असेल का? आपण 16 एप्रिलला फोटोला हार घालतो. कुंपणाशी खुर्ची टाकून बसावं असं काही तिथं धावत नाही. अण्णांना हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "धावायला इंजिन लागतं, आणि इंजिनाला माणसं. आमची शेडमधली सगळी इंजिनं भंगारात गेली तेव्हा कुणी विचारायलाही आलं नव्हतं."

शनिवारी डार्लिंग्टनचा स्कर्न पूल पाहिला. 1825 पासून आजवर सतत वापरात असलेला रेल्वेपूल. पूर्वी इंग्लंडच्या पाच पौंडाच्या नोटेवर स्टीफन्सनच्या शेजारी असायचा. गावाबाहेर विटांचं एक अजस्र इंजिन आहे, डेव्हिड माक या शिल्पकारानं 1997 मध्ये 1,85,000 विटा रचून केलेलं. अण्णांनी लांबूनच पाहिलं. "चालत नाही ना? मग राहू दे."

परतताना डार्लिंग्टनच्या फलाटावर बाकावर एक निवृत्त ड्रायव्हर भेटले. अण्णांच्या मफलरवरचा मध्य रेल्वेचा बिल्ला त्यांना दिसला असावा. तेही फायरमन म्हणून लागलेले, सोळाव्या वर्षी. पण 1968 च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेनं वाफेची इंजिनं बंद केली आणि चारच वर्षांत त्यांचा बेलचा सुटला. मी भाषांतर करताच अण्णा सरसावून बसले. "त्यांना सांग, मी एकोणसत्तरला लागलो. त्यांनी टाकून दिलं तिथून आम्ही उचललं." भारतात ब्रॉडगेजवर वाफ 1995 पर्यंत होती हे ऐकून त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला शुद्ध मत्सरच म्हणायला हवं.

त्यांनी कोळशाबद्दल विचारलं. "निम्मी राख," अण्णा म्हणाले. मग एवढ्या राखेत आग कशी टिकवायचात, हा पुढचा प्रश्न. त्याला मराठीत किंवा इंग्रजीत उत्तर देणं अण्णांना पसंत पडलं नाही. ते उठले, माझ्या हातातली छत्री उलटी धरली, पाय फाकवून उभे राहिले आणि बाकाखालच्या जागेला फायरबॉक्स समजून दाखवू लागले: मागच्या कोपऱ्यांत जास्त, मधे पातळ, टाकताना मनगट असं फिरवायचं. गृहस्थांनी मान हलवली, छत्री मागून घेतली आणि आपल्याकडची पद्धत दाखवली. अण्णांना ती साफ नामंजूर होती. लंडनची गाडी आली, दारं उघडली, मी पिशव्या उचलल्या आणि दोघांनाही हाका मारल्या. तोवर दारं बंद होऊन गाडी सुटलीही होती, आणि वाद क्लिंकर कसं फोडायचं यावर आला होता.