वजन भरलं, हाडांचं काय?

कमी दिवसांचं बाळ घरी आलं की बारामतीत काय, इंदापुरात काय, एकच प्रश्न माझ्या कानी पडतो: वजन किती भरलं? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. पोटातल्या बाळाच्या हाडांत साठणाऱ्या कॅल्शियम-फॉस्फरसपैकी सुमारे ८० टक्के साठा शेवटच्या तीन महिन्यांत होतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ त्याला मुकतं आणि नुसत्या आईच्या दुधानं ती तूट भरत नाही. वजन चढत असतानाही हाडं ठिसूळ राहू शकतात. एक्स-रेवर खूण दिसेपर्यंत हाडांतली २० ते ४० टक्के खनिजं गेलेली असतात. म्हणून माझा आग्रह असा, की दीड किलोच्या आतल्या प्रत्येक बाळाच्या रक्तातलं फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फटेज चौथ्या आठवड्यापासून तपासावं आणि दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणून ते थांबवू नये.

अल्कलाइन फॉस्फटेज वाढत्या बाळात एरवीही जास्त असतं, यकृताच्या आजारातही वाढतं, मग त्यावर भरवसा कसा ठेवायचा, असं कुणी विचारेल. एकट्या आकड्यावर ठेवूच नये. मात्र ते ९००च्या वर आणि फॉस्फरस ५.६च्या खाली, असं दोन्ही एकदम दिसलं तर दुर्लक्ष करता येत नाही. एवढ्याशा जिवाला पुन्हा सुई कशाला, ही कळकळ मला पटते. हिमोग्लोबिनसाठी रक्त काढतानाच ही तपासणी उरकावी. घरच्या वडीलधाऱ्यांचा भर कोवळ्या उन्हावर आणि मालिशवर असतो. पण इथली मुख्य उणीव फॉस्फरस-कॅल्शियमची आहे, ती उन्हानं भरत नाही. आणि ठिसूळ हाडांवर जोराची मालिश म्हणजे फ्रॅक्चरला निमंत्रण.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. नवजात बाळासाठीच्या आशाताईंच्या ठरलेल्या भेटी ४२व्या दिवशी संपतात, तर हा आजार बहुधा सहाव्या ते बाराव्या आठवड्यात उघड होतो. दहाव्या आठवड्याच्या लसीला बाळ येतंच, तेव्हा ही तपासणी जोडून घेता येईल. शिवाय हा उसाचा पट्टा. बीडकडून आलेलं कोयत्याचं कुटुंब गाळप हंगाम संपला की बाळासकट गावी परततं. सुट्टीच्या वेळचे आकडे, चालू औषधाचा डोस आणि पुढच्या तपासणीची तारीख माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून दिली, तर तिकडच्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.