फोटोमागची नावं

आमच्या पिढीला व्होगिंग आधी फोटोत दिसलं, आणि ते योग्यच होतं. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला हा नाच फोटोंतूनच जन्मला. ‘व्होग’ मासिकातल्या मॉडेलसारखी पोज घ्यायची, ठोक्यावर थिजायचं, लगेच दुसरी घ्यायची. ज्या मासिकात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी, ट्रान्स पोरांना जागा नव्हती, त्याची पानं त्यांनी स्वतःच्या अंगावर उतरवली. घरच्यांनी हाकललेल्या या पोरांना ‘हाउस’ असे आणि हाउसला ‘मदर’. आपल्याकडच्या हिजड्यांच्या घराण्यात गुरू असतो तशी.

आज तोच नाच मुंबईतली मुलं मोबाइलवर बघून शिकतात. हाउसांच्या नाचाच्या स्पर्धेला ‘बॉल’ म्हणतात; तो कुठेही असो, त्याचे तुकडे सकाळच्या चहाआधी हातात येतात. आमच्या वेळी एखाद्या फोटोची वाट बघावी लागे, आता बघून संपतही नाही.

शांताल रेन्यो या फ्रेंच छायाचित्रकर्तीनं १९८९ ते १९९२ या काळात न्यूयॉर्कचे बॉल टिपले. त्या फोटोंचं पुस्तक यायला २०११ उजाडलं. तोवर त्या पिढीतले कितीतरी जण एड्सनं गेले होते. व्होगिंगमधला नावाजलेला नर्तक विली निन्जा २००६ मध्ये गेला. ज्यांचे फोटो होते त्यांतल्या अनेकांना ते पुस्तक बघायला मिळालं नाही, आणि ज्यांचे फोटोच नव्हते त्यांचं काय उरलं?

तिकडे ते बॉल टिपले जात होते त्याच वर्षांत, मुंबईत आमच्या पार्ट्यांत कॅमेरा निघाला की माणसं तोंड फिरवायची. डोक्यावर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम, घरी लग्नाची बोलणी. तरी एखादा रोल भरायचाच. तो ओळखीच्या स्टुडिओत धुवायला टाकायची सोय नव्हती. लोकलनं लांब जायचं, पावतीवर भलतंच नाव सांगायचं आणि पाकीट घेताना दुकानदाराच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते चोरून बघायचं. त्या काळाला सोनेरी म्हणायची आमची हिंमत नाही.

आताची मुलं प्राइड मोर्चात आईबापांना शेजारी उभं करून फोटो काढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या ३७७ वरच्या निकालानं निदान कायद्याची धास्ती गेली. पूर्वी फोटो आमच्याविरुद्धचा पुरावा होता, आता तो आमच्या बाजूचा आहे. पूर्वी कॅमेरा बहुतेकदा बाहेरच्याचा आणि निगेटिव्ह त्याच्या कपाटात. आता तो आपल्याच हातात आहे. यापेक्षा चांगलं काय मागायचं?

तरी एक गोष्ट गेली, आणि तिचं दुःख होतं. कुणीतरी जुनाजाणता बिस्किटाचा डबा उघडायचा. ‘बोट लावू नकोस, कडेनं धर.’ फोटो उलटा केला की मागे बॉलपेननं नाव. खरं नाही, लाडाचं. मग गोष्ट सुरू व्हायची. हा ब्लाउज ह्यानं रात्रभर जागून शिवला. ही पुढे गावी गेली, पत्र आलं नाही. ह्याच्या घरच्यांनी तो गेल्यावर सगळे फोटो जाळले, हा एवढाच वाचला. फोटो मूठभर होते, पण प्रत्येकाला सांगणारा होता.

आता फोटो उदंड आहेत आणि सांगणारा नाही. नाचणाऱ्याची क्लिप जगभर फिरते. तो कोण, कुठल्या हाउसचा, हे कुणी विचारत नाही. छायाचित्रकार जेरार्ड गॅस्किन सुमारे वीस वर्षं बॉलना जात राहिला, तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्याचं ‘लेजेंडरी’ हे पुस्तक झालं. इतिहास कॅमेऱ्यानं टिपला जातो खरा, पण टिकतो तो पुन्हा पुन्हा जाण्यानं, ओळख ठेवण्यानं.

ती भीती आम्हाला परत नको, ती मरणं तर नकोतच. पण पोरांनो, फोटो काढलात की ज्याचा काढला त्याला विचारा, त्याची हरकत नसेल तर नाव लिहा, वर्ष लिहा, ब्लाउज कुणी शिवला तेही लिहा. आमचे सांगणारे लवकर गेले. तुमच्याकडे वेळ आहे.